हातावरचा मासा

"ही कसली फॅशन?"

मोठ्या बाईंनी माझं मनगट दोन बोटांनी उचललं, उष्टं पान उचलावं तसं. अंबरनाथला कारखान्याच्या साहेब लोकांच्या कॉलनीतली बालवाडी. आयाच्या नोकरीचा माझा पहिला दिवस. हातावर गोंदलेला हिरवा मासा होता.

"फॅशन नाही बाई. मला आवडतो."

त्या हसल्या. "तुमच्यात आवड कसली? सगळे गोंदतात म्हणून गोंदायचं. मुलं घाबरतील. उद्यापासून लांब बाह्या."

आवड कसली म्हणे! बदलापूरच्या बाजारात गोंदणारी बसायची. आमच्या आदिवासी वाडीतल्या सगळ्या पोरी तुळस काढून घ्यायच्या. आय म्हणाली, "तुळसच काड गो." मी अडून बसले. मासाच पाहिजे. सुया टोचताना रडले, पण शेपटीपर्यंत पुरा करून घेतला. जन्मात मी स्वतः निवडलेली ती पहिली गोष्ट.

तरी मान खाली घातली. पगार हवा होता. तीन वर्षं, भर मे महिन्यातही, मनगटापर्यंत बाह्या. हात घामोळ्यांनी भरायचा. त्याचं काही नाही. पण अंघोळ करतानाही मला त्या माशाची लाज वाटायला लागली. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मग स्नेहसंमेलन आलं. साहेबांच्या पोरांचा आदिवासी नाच. चित्रकलेच्या बाईंनी मला बोलावलं.

"बाही वर कर. हलू नकोस हां."

माझ्या हाताकडे बघून त्यांनी पोरांच्या हातांवर स्केचपेननं मासे काढले. पोरांच्या मम्मी गोळा झाल्या. "किती क्यूट! हल्ली फॅशनच आहे याची." माझ्या तोंडाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

शेवटचा मासा झाला. मोठ्या बाई म्हणाल्या, "आता बाही खाली कर. पाहुणे येतायत."

मी बाही आणखी वर सारली.

"नाही करणार. ह्यांचे मासे संध्याकाळी धुतले जातील. माझा राहणार आहे."

"नोकरी नको का तुला?"

"पाहिजे. पण ह्या हातासकट."

महिना संपताच काढून टाकलं. आय रडली, मला शिव्या दिल्या. मीही घाबरले होते, खोटं कशाला बोलू?

पण तेव्हापासून कुठेही काम मागायला गेले की आधी हात पुढे करते. हा असा आहे. मला आवडतो. चालत असेल तर पुढचं बोला.