करवंदाचा आवाज

जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी जमिनीवर पोचते, हे सिद्ध करताना माझा डावा पाय मोडला.

तेव्हा मी महाडच्या शाळेत शास्त्र शिकवत असे. बायको शिमग्याला माहेरी कुडपणला गेली होती आणि वैशाख सरत आला तरी परतली नव्हती. खोलीत मी एकटाच. भात एक दिवस कच्चा, एक दिवस करपलेला. तोही मी दोन ताटांत वाढून ठेवायचो आणि मग एक उचलून ठेवायचो. तिची फार आठवण येत होती, पण मास्तराने हे कुणाला सांगायचं? शेवटी उठलो आणि डोंगर चढलो.

सासरे तिला सोडायला तयार नव्हते. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, दोघे मेहुणे मुंबईला गिरणीत. म्हातारा आज शेताची भाजावळ राहिलीय म्हणे, उद्या म्हैस व्यायचीय म्हणे (म्हैस आठ दिवसांपूर्वीच व्यालेली मी गोठ्यात पाहिली होती). बोलता बोलता अंगणातल्या झाडावरून एक फणस पडला आणि सासरे म्हणाले, जड म्हणून जोरात आला. माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटलं, करवंदसुद्धा त्याच्याबरोबरच येईल.

"आलं, तर यमूला उद्या धाडतो," सासरे म्हणाले. "नाय आलं, तर ती दिवाळीपतूर हितंच."

दिवाळी! मी लगेच हो म्हटलं.

शेजारचा धोंडू झाडावर चढला. एका हातात लहानसा फणस, दुसऱ्यात करवंद. सासऱ्यांनी डोळे मिटले. रानात काय कुठे पडलं हे तिकडे कानाने ओळखतात, हे मला ठाऊक नव्हतं. धोंडूने दोन्ही सोडलं. फणस धप्पकन आला. करवंदही आलं, मी स्वतः पाहिलं.

"फणस आला," सासरे डोळे मिटूनच म्हणाले. "करवंद अजून वरच हाय."

मी करवंद उचलून त्यांच्या हातावर ठेवलं. ते मागनं आलं असेल, म्हणाले. जमलेल्या साऱ्या वाडीने माना डोलावल्या, कारण करवंदाचा आवाज कुणीच ऐकला नव्हता. यमू दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की दिवाळीपर्यंतचे सगळे करपलेले भात माझ्या डोळ्यांपुढून गेले.

आता हलकी पण वाजणारी वस्तू हवी होती. मी घरातला पितळेचा तांब्या घेतला, दुसरा फणस काखेत मारला आणि स्वतःच झाडावर चढलो. (धोंडूवर माझा विश्वास उरला नव्हता.) दोन्ही वस्तू एकाच क्षणी, दोन्ही हातांनी सोडायच्या, हा शास्त्राचा नियम. दोन्ही हात गुंतल्यावर फांदी कशाने धरायची, याबद्दल शास्त्र काही सांगत नाही.

मी हात सोडले.

पडताना अंगाला वजन असं लागलंच नाही, अगदी पिसासारखं वाटलं. वजन खाली सापडलं, सगळंच्या सगळं, डाव्या घोट्यात.

"एकच आवाज झाला," सासरे मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "बरोबर आली दोनी." मग त्यांनी कान टवकारले. "पण कण्हतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी डोलीची तयारी झाली. चौघे गडी मला उचलून पोलादपूरपर्यंत नेणार होते. यमूचं गाठोडं बांधून झालं. म्हातारा नुसता डोलीची दोरी पुन्हा पुन्हा ओढून पाहत राहिला. आम्ही गेल्यावर त्या घरात तो आणि म्हैस, एवढेच उरणार होते. पैज जिंकल्याची मला लाजच वाटू लागली.

पण शब्दाचा माणूस पक्का. डोली उचलली तेव्हा पुढे आला आणि अगदी जड आवाजात म्हणाला, "घेऊन जा."

मी हात जोडले. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"घेऊन जा गो ह्यांना," तो यमूला म्हणाला. "आन दारात झाड असंल तर तोडून टाक."