आंबट गंज

मी फोंडाघाटचा. समुद्र मला ठाऊक होता तो बाजारातल्या टोपलीत येतो तेवढाच. बायको मात्र मालवणची, तांडेलाची मुलगी. सासऱ्यांचा स्वतःचा लाकडी ट्रॉलर होता. गुडघे गेले तसा त्यांनी तो विकला आणि घेणाऱ्याने तो मोडून इंजिन तेवढं ठेवलं. तेव्हापासून ते कमी बोलू लागले. मी जन्मापासूनच कमी बोलतो. त्यामुळे सासरा-जावयाचं छान जमतं असा लोकांचा समज. खरं तर त्यांच्या लेखी मी पोहता न येणारा एक सभ्य माणूस होतो.

मला छोटी जहाजं करायचा नाद. त्यांच्या ट्रॉलरची हातभर प्रतिकृती करायची असं मनात घेतलं. जुन्या फोटोंवरून माप काढलं, सागाच्या पट्ट्या घासल्या, लोखंडी टाचण्यांचे कठडे केले, निळा-पिवळा रंग दिला. वर्ष गेलं त्यात. मालवणला नेऊन त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली.

"बरी आसा," म्हणाले. "सावंतवाडीचां लाकडी केळां कसां."

म्हणजे शोभेचं खेळणं. लागलं मला, पण खोटं नव्हतं. समुद्रात राबलेली बोट अशी चकचकीत नसते. मग बोट मी परत घरी आणली आणि मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. कुणी गोरा माणूस स्पंजाच्या तुकड्याने टिप टिप करतो आणि जहाज बघता बघता वीस वर्षांचं म्हातारं होतं. मीही टिप टिप केलं. आमच्या ट्रॉलरला गोवर आला. खरवडून पुन्हा रंगवला, पुन्हा गोवर.

मे संपता संपता अवेळी पाऊस लागला आणि कौलांतून नेमकं माझ्या टेबलावर ठिपकू लागलं. मी ऑफिसात होतो. बायकोने बोट उचलून मागच्या पडवीत नेली. तिथे न्हाणीचं पाणी तापवायची चूल आहे आणि तिच्यावर बांबूच्या कामट्यांच्या दोन फळ्या टांगलेल्या. अख्ख्या घरात तेवढीच कोरडी जागा. बोट तिने खालच्या फळीवर ठेवली. वरच्या फळीवर कोकमाची सोलं होती, रसामिठात बुडवून काढलेली, ऊन नाही म्हणून धुरावर सुकत घातलेली. पुढे बोटीची आठवण तिलाही राहिली नाही आणि मलाही.

खाली काढली तेव्हा रस ठिपकून कठड्यांखाली तांबडे-तपकिरी ओघळ उतरले होते. टाचण्या खऱ्याच गंजल्या होत्या. बुडाशी मिठाची पांढरट साय, केबिनवर काजळी.

एरवी न बोलणारा मी त्या दिवशी बोललो. बराच वेळ बोललो. सगळं लिहीत नाही, शेवटचं तेवढं लिहितो: "तुझ्या बापाच्या बोटीचं वाटोळं केलंस."

"भिजात म्हणान ठेवलंय," एवढंच म्हणून ती आत गेली. मी सोलकढी बंद केली. आमच्याकडे याला उपोषण म्हणतात.

मिरगाला सासरे राहायला आले. बोट मी टेबलावर वर्तमानपत्राखाली झाकली होती. त्यांना वाचायला नेमकं तेच वर्तमानपत्र हवं होतं. बोट घेऊन ते खिडकीशी गेले, कितीतरी वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. वळले तेव्हा डोळे ओले होते.

"जावयबापू, आता ती दर्यात जावन इली."

दारात बायको चहा घेऊन उभी. बोलायची वेळ हीच होती. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "जरा प्रयत्न केला."

लग्नानंतर त्यांनी केलेलं माझं पहिलं कौतुक. ते मी चोरलं, तेही जिला बोललो होतो तिच्याकडून.

मग येईल त्याला सासरे बोट दाखवू लागले. लोक विचारत, गंज कसा केलात? मी नुसता हसे. अबोल माणूस हसला की लोकांना वाटतं, सिद्धी आहे. वेंगुर्ल्याच्या एका मंडळाने प्रदर्शनात प्रात्यक्षिकाला बोलावलं. मी हो म्हणालो!  बायको तेव्हापासून रोज जेवताना सोलकढीची वाटी माझ्यापुढे सरकवायची. "घेवा, तुमचो गंज." मी निमूट प्यायचो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "फाल्यां काय काय सामान व्हयां?"

मी वाटीकडे बघितलं. आणि सुटलंच तोंडातून. "मामा, तो गंज माझा नव्हे. सोलांचा आहे. भिजू नये म्हणून हिने बोट चुलीवर ठेवली, आणि मी हिला नाही नाही ते बोललो."

सासरे बांगड्याचा काटा चोखत राहिले. "माका ठावक आसा."

"कधीपासून?"

"पयल्याच दिवसापासून. तांडेल मी. पाणी जिभेर घेवन बघतंय. खिडकीत बोटीक जीभ लावलंय. दर्यो आंबट कधी झालो?"

बायकोला ठसका लागला. हसण्याचा.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलतास काय ता बघी होतंय. तुमच्यापरास ह्यो बांगडो बरो. बिघाडलो तर वास तरी मारता."

ते कौतुक तरी खरं असावं असं वाटत होतं, म्हणून विचारलंच: "पण दर्यात जाऊन आली म्हणालात ते?"

"ता खरां. तशीच दिसता ती. पण ता माझ्या चेडवाचां काम," ते लेकीकडे बघत म्हणाले.

वेंगुर्ल्याला प्रात्यक्षिक बायकोने केलं. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारट रसाची बाटली, मीठ आणि एक जुना ब्रश. मी बोट धरून उभा होतो. कुणीतरी विचारलं, "ताई, क्रम काय ठेवायचा?"

"पयली आगळ," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मगे मीठ, मगे घोवाच्यो गाळी."

पुढच्या रांगेत सासरे त्या गेलेल्या गुडघ्यांवर थापा मारून हसले.