मोज्यातला तांदूळ

आधी ते कप खाली ठेवा बरं. मागच्या वेळी हे सांगताना माझ्या बहिणीला असा ठसका लागला, की चहा नाकातून आला. चारचौघांत इज्जत कशी जाते, ते मला विचारा. माझी तर कवायतीच्या तालावर गेली हो, एक-दोन-तीन-चार करत!

मी लोह्याजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. राहायला नांदेडला. स्वभावानं संशयी. म्हणजे दूधवाल्याच्या कॅनमध्ये आधी बोट बुडवून बघणारी. रिक्षावाल्यानं जरा वेगळं वळण घेतलं, की 'इकडून काहून घेऊन राहिले?' असं विचारणारी. नवरा फोनवर हसून बोलला तर मागून चकरा मारणारी. घरचे म्हणतात हा रोग हाय. मी म्हणते सावधपणा.

तर झालं असं, की दोन लेकरं झाली, दोघांना भरपूर पाजलं, आणि मग मला आरशासमोर उभं राहणंच नको वाटायला लागलं. ब्लाऊज पुढून रिकाम्या पिशवीसारखा लोंबायचा. टेलरबाई माप घेताना टेप ओढायची, परत ओढायची, आणि हळूच म्हणायची, "कप टाकू का मॅडम?" त्या कपांचा आणि माझा काही संबंधच नसायचा. मी डावीकडं वळले तरी ते आपले समोर बघत! हसा, हसा. पण मला वाईट वाटायचं, लई वाईट वाटायचं. दुसऱ्या कुणासाठी नाही, माझं मलाच.

मग मोबाईलवर वाचलं, की छाती भरून घ्यायचं ऑपरेशन असतं, आत इम्प्लांट बसवतात. एकदाच वाचलं, तर फोन रोज त्याच्याच जाहिराती दाखवायला लागला. म्हणलं, हा मेला घरात सगळ्यांना सांगणार! तेव्हापासून मी फोन पालथा ठेवायला लागले.

आता दवाखाना कुठला? नांदेडात दवाखान्यांच्या गल्लीत पाय ठेवला, की कुणाची तरी मावशी पायरीवर बसलेली असतेच. "काय गं, काय झालं? कुणाला दाखवायला आलीस?" म्हणून मी लातूर निवडलं. घरी सांगितलं, भाच्यासाठी लातूरच्या क्लासची चौकशी करून येते. लातूरला जायला यापेक्षा सभ्य कारण अख्ख्या मराठवाड्यात नाही. कुणी पुढं विचारतच नाही.

दवाखान्यात मी स्कार्फ नाकापर्यंत ओढून बसले. शेजारी अजून एक बाई, निळ्या स्कार्फात. डोळ्याला गॉगल! ती माझ्याकडं बघून राहिली होती. मी तिच्याकडं बघितलं, की ती पंख्याकडं बघायची. मला शंका आली, ही नक्की कुणाची तरी हेर हाय. मी तोंड भिंतीकडं करून बसले.

डॉक्टरीणबाई मात्र चांगल्या होत्या. त्यांनी टेबलावर नमुने मांडले. गोल वेगळे, थेंबाच्या आकाराचे वेगळे. मिठाचं पाणी भरलेले आणि सिलिकॉनचं जेल भरलेले. मी एकेक उचलून दाबायला लागले, बाजारात वांगी बघतो तसं. उजेडात धरले, उलटे करून बघितले.

"गॅरंटी काय याची?" मी विचारलं.

"जन्मभराची नाही. पुढं कधीतरी बदलावे लागू शकतात."

"फुटलं तर?"

"पाण्याचं फुटलं तर लगेच कळतं, ते बसतं. पाणी शरीरात जिरून जातं. जेलचं फुटलं तर वरून कळेलच असं नाही, तपासणी करत राहावी लागते."

"आणि हे थेंबाचं?"

"दिसायला नैसर्गिक. पण कधीकधी आत फिरू शकतं."

फिरू शकतं! माझ्या डोळ्यासमोर फळ्यावर लिहिता लिहिता थेंब उलटा झाला. मी म्हणलं, "मॅडम, तुम्ही सगळे तोटेच काहून सांगून राहिल्या?" दुकानदार स्वतःच्या मालाचे दोष सांगायला लागला, की मला जास्तच संशय येतो.

त्या हसल्या. "निर्णय तुमचा आहे, घाई करू नका. आधी साईज ठरवा. घरी पातळ मोज्यांत कोरडे तांदूळ भरा, आतून घाला आणि काही दिवस रोजची कामं करून बघा. अंदाज येतो."

तांदूळ! एवढी शिकलेली बाई, एवढा मोठा दवाखाना, आणि सांगते काय, तर मोज्यात तांदूळ भरा! मला वाटलं, लोह्याकडची दिसली म्हणून चेष्टा करून राहिली. पण त्यांनी मापाचा कपसुद्धा दिला, दोन मापं सांगितली, एक लहान, एक मोठं. निघताना निळा स्कार्फ आत गेला, तेव्हा मी जिन्यावरून वाकून बघितलं, की ती फोन तर लावत नाही ना.

आता मी मास्तरीण. वेळ वाचवायची सवय. दोन मापं वेगवेगळी कशाला तपासायची? डावीकडं मोठं, उजवीकडं लहान! डाव्या बाजूला पदर असतोच, कुणाला काय कळतंय? पोराचे शाळेचे मोजे घेतले, तांदूळ भरले, रबर लावले. आणि सुरू.

इथं शाळेतली एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडं दुपारी लेकरांना खिचडी असते. ती रुक्मिणबाई करते, गावातलीच, दंडानं दणकट आणि जिभेनं त्याहून. त्या महिन्यात खिचडीच्या तांदळाची गोणी लवकर उतरायला लागली. आता गोणी लवकर उतरली तर पहिला संशय कुणाला येणार? मला. आणि कुणावर येणार? रुक्मिणबाईवर. मी मुख्याध्यापक सूर्यवंशी सरांना सांगून नियमच केला, की सुटताना प्रत्येकानं आपली पिशवी दाखवून जायचं. नावाला प्रत्येकानं. बघायची मी, आणि उघडायला लावायची रुक्मिणबाईला.

ती रोज पिशवी झटकून दाखवायची. "बगा मॅडम, चांगलं बगून घ्या. काड्याची पेटी बी उघडून दाखवू का?"

मी खरंच म्हणायचे, "दाखवा."

तर शनिवार उजाडला. सकाळची शाळा, आणि शनिवारी कवायत माझ्याकडं. सगळी शाळा मैदानात रांगेत. सर शिट्टी घेऊन उभे. मी पुढं उभी राहून हात वर, हात बाजूला, हात खाली. आणि चौथ्या प्रकाराला उड्या असतात!

पहिल्या दोन उड्यांना मला वाटलं, काहीतरी सुटलं. पुढच्या उडीला कळलं, रबर सुटलं. म्हणून मी हात खालीच धरून उड्या मारायला लागले, तर पोरंही हात खाली धरून उड्या मारायला लागली. सर ओरडले, "मॅडम, हात! हात वर!"

मी हात वर केले.

सर्रर्र. निऱ्यांवरून, पायावरून, मैदानावर.

शेजारच्या घराची एक कोंबडी रोज कुंपणापाशी असायची. तिनं एकदा मान वाकडी करून बघितलं आणि पळतच आली. मी दोन पावलं मागं सरले, ती दोन पावलं पुढं. मी ऑफिसकडं चालायला लागले, तर ती मागून टिपत टिपत! तिच्यामागं तिच्या मैत्रिणी. आणि चौथीतली एक पोरगी रांगेतून खणखणीत ओरडली, "सर! मॅडममधून तांदूळ सांडून राहिलाय!"

सगळी शाळा गप्प. अशी शांतता मला वर्गात कधी मिळाली नाही.

सूर्यवंशी सर म्हणजे फार सभ्य माणूस. ते माझ्याकडं बघेनात, तांदळाकडं बघेनात, कोंबडीकडं बघून बोलायला लागले. "मॅडम, हे तांदूळ... म्हणजे गोणीतले... म्हणजे मी विचारत नाही, पण विचारावं लागेल."

काय सांगू? गप्प राहिले तर मी लेकरांच्या घासातला तांदूळ चोरणारी. नोकरी जाणार, पेपरात फोटो येणार. खरं बोलले तर अख्ख्या लोहा तालुक्यात तोंड दाखवायला जागा नाही. मला रडू यायला लागलं, अगदी खरं रडू.

तेवढ्यात रुक्मिणबाई हातातला झारा घेऊन आली. मी मनात म्हणलं, संपलं. आता ही सगळं वसूल करणार.

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवो सर, काय ईचारून राहिले? सकाळी मीच भरली मॅडमची ओटी. घरी देवीचं होतं. पदरातलं तांदूळ हाय ते. बाईमाणसाला असलं ईचारत्यात व्हय?"

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. मीपण सोडणार होते, तर आमच्या जाधव मॅडम, माझ्या शेजारच्या वर्गाच्या, टाळी वाजवून ओरडल्या, "ओटी? अगं माय! तरीच म्हणलं, मॅडम आठवडाभर भरल्यावानी दिसून राहिल्या! गोड बातमी हाय की!"

"अभिनंदन, मॅडम!" सर म्हणाले. पोरांनी कवायतीच्या ठेक्यात टाळ्या वाजवल्या.

आणि मी? मी लाजून मान खाली घातली. काय करता! चोरीपेक्षा बाळ बरं.

पण खरी गोम पुढंच. दुसऱ्या लेकराच्या वेळीच माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. आणि बातमी माझ्या आधी नांदेडला पोचलेली! मी दारात पाऊल टाकलं, तर सासूबाई पदर खोचून, चप्पल घालून तयार.

"चल गं. त्या डॉक्टरनीला ईचारते मी. ऑपरेशन करून दिवस जात्यात म्हंजे काय? दारासमोर बसते तिच्या!"

नवरा कोपऱ्यात डोकं धरून बसलेला. "मीना, हे खरं हाय का?"

सासूबाई निघाल्याच होत्या हो. बिचाऱ्या त्या डॉक्टरचा काय दोष? मी दार लावलं, आत गेले आणि दोन्ही मोजे आणून टेबलावर ठेवले. एक भरलेला, एक अर्धा. आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लातूर, गोल, थेंब, जेल, पाणी, कोंबडी.

नवऱ्यानं एक मोजा उचलून निरखून बघितला.

मग नवरा म्हणाला, "हे पिंट्याचे मोजे हायेत. मोजे न्हाईत म्हणून पोराला आठवडाभर बोलणी बसून राहिली."

"तुम्हाला दुसरं काही दिसलं नाही का आठवडाभर?" मी विचारलं.

"काय दिसायचं होतं?"

बघा! ज्याच्यापासून लपवायला मी जिवाचा आटापिटा केला, त्याला पत्ताच नाही. वर म्हणतो कसा, "तुझं अंग हाय, तुला करायचं तर कर. पण चोरून कशाला?"

सासूबाई चप्पल काढून बसल्या. मोजा हातात घेऊन वजन बघितलं. "मला सांगायचं ना माय. मी काय वैरीण हाय का तुझी?" मला पुन्हा रडू आलं. मग त्या जरा जवळ सरकल्या. "उन्हाळ्यात गरम होत न्हाईत का ते? आन् एकाच ठिकाणी बगून घेऊ नको. अजून एक-दोन दवाखाने फिर. म्या येते संगं."

सोमवारी शाळेत गेले. फाटकात रुक्मिणबाई उभी. रात्रभर मनाशी घोकलेली माफी मी मागून टाकली, मोज्यांचंही खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "चोरीचा आळ कसा लागतो, ते मला म्हाईत हाय मॅडम. दुसऱ्याला लागू नी, म्हणून बोलले." मग गोणीकडं बोट दाखवलं. तळाशी उंदरांनी चांगलं मुठीएवढं भोक पाडलेलं. झडतीचा नियम मी तिथंच मोडीत काढला. तिनं मात्र जाता जाता ऐकवलंच, "आज मोजे घातले न्हाईत ना?"

मी सरांना खाजगीत एवढंच सांगितलं, की तांदूळ घरचा होता आणि बातमी खोटी होती. ते भिंतीवरच्या नकाशाकडं बघून "बरं, बरं" म्हणाले. जाधव मॅडमला मात्र सोडायचं नाही असं ठरवलं होतं. डबा खायला बसलो तेव्हा मी ताडकन विचारलं, "माझ्यावर काय डूख होता तुमचा? गावभर करायची काय गरज होती?"

त्यांनी दार लोटून घेतलं. पर्समधून काहीतरी काढून मांडीवर ठेवलं. निळा स्कार्फ आणि गॉगल.

"लातूरला तुमच्या शेजारीच तर बसले होते मी," त्या कुजबुजल्या. "तुम्ही भिंतीला तोंड करून बसलात. मैदानात सरांनी अजून काही विचारू नये, म्हणून तेवढं ओरडले. तुमचं ऑपरेशन झालंय, ते मला काय माहीत?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. सगळ्या शाळेच्या पिशव्या उघडून बघणारी मी! आठवडाभर ही बाई खांद्याला खांदा लावून माझ्या डब्यातली भाजी खाऊन राहिली होती.

"म्हणजे... तुम्हीपण? आठवडाभर?"

"हाव. फक्त मी ज्वारी भरली होती. आणि वरून शिवून घेतली."

मी खालपासून वरपर्यंत त्यांच्याकडं बघितलं. खरंच काही कळलं नव्हतं हो! त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, जरा घुटमळल्या, आणि म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू, पण पोरंसुद्धा मला विचारून राहिली होती. तुम्ही आठवडाभर तिरप्या काहून चालत होता?"