धनसरीने घडवलेला समझोता

धनसरी घर्ती नेपाळमधल्या एका गावपालिकेची उपाध्यक्ष झाली, तेव्हा डोंगरातल्या सातही वॉर्डांतल्या बायकांना वाटलं, आता आपलं ऐकणारं कुणीतरी तिथं बसलंय. तिचा लौकिकच तसा होता. पाळीच्या दिवसांत गोठ्यात झोपायला तिने नकार दिला, सासूने वर्षभर अबोला धरला, तरी ती हटली नव्हती. उपाध्यक्ष म्हणजे न्याय समितीची प्रमुख. घराघरांतली भांडणं आधी तिच्यासमोर यायची.

एका फागुनात जौकला बुढा नावाची बाई तिच्याकडे आली. ओठ फुटलेला, पाठीला तीन वर्षांची लेक बांधलेली.

"दिदी, मला त्या घरात परत जायचं नाही. माझं वेगळं करून द्या," एवढंच म्हणाली.

तिचा नवरा नरजित अध्यक्षांचा भाचा. अध्यक्षांनी धनसरीला चहाला बोलावलं. "बहिनी, आपली समिती एकही संसार मोडू देत नाही, असं जिल्ह्यात नाव आहे. ते घालवू नका."

धनसरीला ते नाव आवडत होतं. पुढच्या निवडणुकीचं तिकीटही डोळ्यांसमोर होतं. तिने जौकलाला जवळ बसवलं. "जरा सोसून बघ. भाऊ-वहिनी किती दिवस पोसतील? पोरीला बाप नको का?" बोलता बोलता तिला वाटलं, ही तर आपली सासू बोलतेय. तरी ती थांबली नाही. 'पुन्हा हात उचलणार नाही' असं नरजितने लिहून दिलं. धनसरीने दोघांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जौकला मान खाली घालून उभी होती.

असारात भाताची लावणी चालू असताना निरोप आला. जौकला आरोग्यचौकीत आहे, हात मोडलाय. धनसरी चिखलाच्या पायांनीच धावली.

"आता कशाला आलात, उपाध्यक्षज्यू?" जौकला भिंतीकडे बघत म्हणाली. "मारताना तो काय म्हणाला माहितीय? जा, जा तुझ्या दिदीकडं! तिनंच माळ घातलीय मला!"

पाणवठ्यावरच्या बायकांची नजर चुकवत धनसरी वरच्या वाटेने घरी गेली. ताटातला ढिंडो, पिठाचा घट्ट गोळा, तसाच निवला. दोन दिवस ती कार्यालयात गेली नाही. तिसऱ्या दिवशी जौकलाच्या माहेरी गेली आणि अंगणातच उभी राहिली.

"चल जिल्ह्याच्या सदरमुकामाला. तक्रार दे. मी साक्ष देते."

"तुमचे अध्यक्ष रागावतील."

"रागावू देत."

साक्षीत तिने काहीच झाकलं नाही. हिला मारहाण होते हे मला ठाऊक होतं, हिला वेगळं व्हायचं होतं, मीच दबाव आणून परत पाठवलं, असं सांगितलं. गावसभेतही तेच बोलली. तिथं कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "हे फागुनात सुचलं असतं, तर पोरीचा हात शाबूत राहिला असता." धनसरी खाली बसली.

दीड वर्षाने जौकलाला घटस्फोट आणि जमिनीतला वाटा मिळाला. हात पूर्ण सरळ झाला नाही. धनसरीला तिकीट मिळालं नाही, आणि त्याचं तिने कुणापाशी गाऱ्हाणंही केलं नाही. आता ती शेतात कोदो, म्हणजे नाचणी, पिकवते. नवऱ्याघरून निघालेली एखादी बाई दारात आली, तर तिच्यासोबत चार तास चालून कोर्टात जाते. आठ मार्चच्या महिला दिनाला मात्र तिला भाषणाला बोलावलं, की म्हणते, "बोलायला दुसरी कुणीतरी बघा."