पित्तक्षाराचं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे साहेबसुद्धा. पेशी फोडायचं पाणी बनवणं हे ताईचं काम. त्यात पित्तक्षाराची पूड लागे. पोटातलं पित्त जसं तेलातुपाचे बारीक थेंब करतं, तसा हा क्षार पेशीचं स्निग्ध आवरण विरघळवतो आणि आतली प्रथिनं मोकळी होतात. पूड तोलताना ती हटकून घशात जाई आणि तोंड कडू होई. "मी कुठे कडू बोलते? ही पूड बोलते," असं ताई म्हणायची.

त्या दिवशी तिच्यात थट्टेचंही त्राण नव्हतं. लेक संध्याकाळी नव्या नोकरीसाठी दूरदेशी निघणार होती. परत कधी येणार, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. ताई पहाटेपासून तिच्या बॅगा भरून कामावर आली होती आणि लवकर घरी येण्याचा शब्द देऊन बसली होती.

आधी आम्ल घालून पाण्याची आम्लता जुळवायची, पूड अगदी शेवटी, हे तिला झोपेतही पाठ होतं. पण शिणलेल्या हातांनी पूड आधी घातली आणि मग आम्ल. पाणी क्षणात नासल्या दुधासारखं फाटलं. क्षाराचा पांढरा चोथा तळाशी बसला.

"ताई, झालं का?" संशोधन करणाऱ्या पोरीने विचारलं. "नमुन्याचा तुकडा फ्रीझरमधून बाहेर काढलाय मी. आता हा एकच उरलाय."

वरचं नितळ पाणी गाळून दिलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. प्रथिनं निघाली नसती, दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती आणि पोरीने स्वतःच्याच नशिबाला बोल लावला असता. ताईला घरी जायचं होतं. फार जायचं होतं.

"तुकडा बर्फात ठेव," ती म्हणाली. "माझ्या हातून बिघडलंय. नवं करते, वेळ लागेल."

मग तिने लेकीला फोन लावला. "तू नीघ गं. मला नाही जमत."

"मला वाटलंच होतं, आई." आवाजात राग नव्हता, हेच ताईला लागलं. "सकाळी तू चपला घालत होतीस ना, तेव्हा मी दारापर्यंत आले. बोलले पण तुझ्याशी. तोच माझा निरोप होता."

फोन ठेवून ताईने स्वच्छ भांडं घेतलं. लेक सकाळी दारात काय म्हणाली होती, ते तिला काही केल्या आठवेना.