मी नाकारलेली निवड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्यापासून मी वाढदिवसाची भेटसुद्धा दोन दिवस लपवू शकत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही नेदरलँड्समध्ये न्यूनेनला राहतो. माझी मुलगी इरा तेव्हा पंधरा वर्षांची होती, गावातल्या क्लबात हॉकी खेळायची. बरी नाही — चांगली खेळायची. भर पावसात पाठीला स्टिक लावून सायकलवर जायची आणि गुडघे फोडून घेऊन हसत परत यायची. त्या जूनमध्ये मुलींच्या पहिल्या संघासाठी निवड चाचणी झाली.

त्याच आठवड्यात शाळेचे गुण आले. गणितात साडेसहा, फिजिक्समध्ये सहा. दहापैकी. आता इथे साडेसहा म्हणजे व्यवस्थित पास. नऊ-दहा द्यायला शिक्षकांचा हात सहसा धजत नाही. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पुण्याच्या हिशेबाने पासष्ट टक्के वाचले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. पासष्ट टक्क्यांना आमच्याकडे काय मिळतं? नातेवाइकांची सहानुभूती.

मग क्लबचा ईमेल आला. तो पालकांनाच येतो. इराची निवड झाली होती. आठवड्याला चार सराव, शनिवारी सामना. यादी लावण्याआधी होकार कळवा, असं ट्रेनरने लिहिलं होतं. मी — कसं सांगू? — मी नकार कळवला. भाषांतराचं ॲप लावून डचमध्ये लिहिलं, की अभ्यासासाठी थांबायचं इराने स्वतःच ठरवलंय. तेवढ्यावर तरी थांबायचं! पण खाली आणखी एक ओळ घातली: तिला वाईट वाटतंय, कृपया तिच्याजवळ हा विषय काढू नका.

आणि इराला? तिला काहीच सांगितलं नाही. यादी लागली तेव्हा तिने ती फोनवर तीनदा वरखाली करून पाहिली. ती रडायला लागल्यावर मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. केसाने गळा कापणारी माणसं अशीच प्रेमळ दिसत असतील.

ट्रेनर मारियान सरळ बाई. तिने माझा शब्द मानला. इरा समोर आली की ती नजर चुकवायची, भलतंच काहीतरी बोलायची. इराने त्याचा एकच अर्थ लावला — आपण इतकं वाईट खेळलो, की तोंडावर सांगायचीही हिला लाज वाटतेय. महिन्याभरात तिने क्लब सोडला. संघातल्या मुली घरावरून जायच्या, तेव्हा ती खिडकीपाशी फिरकायची नाही.

नोव्हेंबरमध्ये वर्गशिक्षकांनी भेटायला बोलावलं. गुणांची मुळीच काळजी नाही, म्हणाले; आधीही नव्हती. पण ही एवढी गप्प का झालीय? काही खेळत नाही का? मी हसून म्हटलं, तिला खेळाची आवड नाही.

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? क्लब तिथेच होता, मारियान तिथेच होती. पण सांगायचं म्हणजे इराच्या नजरेतून उतरायचं. ती स्वतःच्या नजरेतून उतरली, ते मला चाललं.

इरा आता युट्रेख्टला शिकते. मागच्या महिन्यात फोनवर सांगत होती, तिच्यासोबत घरात राहणाऱ्या मुली हॉकीचा संघ काढतायत, एक जागा रिकामी आहे, सगळ्या मागे लागल्यात.

“मग?” मी विचारलं.

“नको गं आई. आय वॉज नेव्हर गुड इनफ. मारियानला तेव्हाच कळलं होतं.” आणि हसली.

घरात मी एकटीच होते. घाई कसलीच नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, “असू दे. परीक्षा जवळ आलीय ना?”