गुद्बा म्हणजे काय

माझ्या जुन्या रशियन शब्दकोशाला अजून डिंकाचा आंबूस वास येतो, आणि तो आला की मला मीरा रोडचा आमचा जिना आठवतो. नव्वदच्या आसपास मी रशियन शिकत होते आणि पहिल्यांदाच एका गोष्टीचा अनुवाद माझ्याकडे आला होता. त्यात 'गुद्बा' होता, तिकडेही आता कुणी वापरत नाही असा शब्द. मी 'संगीत' लिहिलं. शिकवणाऱ्या बाईंनी ते खोडलं. "हा शब्द घुमण्याच्या धातूतून आलाय. उद्या नीट करून आण, नाहीतर गोष्ट दुसरीला देते." तोंड पाडून घरी आले, तर तळमजल्यावर भीमजयंतीच्या गाण्यांची तालीम होती. खोली तीनमधले परभणीकडचे काका, कारखान्यात फिटर, एकतारी छेडत बसले होते, पण गात नव्हते. "काका, गाणं कधी सुरू करणार?" मी विचारलं. "लगेच गाऊ नये, पोरी. माणसं गप होईस्तोवर तार घुमू द्यायची." मग एकतारीचा भोपळा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "कान लाव." लावला. ते घुमणं माझ्या दातांत उतरलं, आणि जिन्यातल्या बायकांचं बोलणं हळूहळू थांबलं. वर जाऊन मी 'तारेचं घुमणं' असं लिहिलं, आणि गोष्ट माझ्याकडेच राहिली. त्यानंतर मी आयुष्यभर अनुवादच केला. शब्दकोशात 'गुद्बा'पुढे नुसतं 'संगीत' छापलंय. शेजारी मी तेव्हा पेन्सिलनं लिहिलेलं अजून वाचता येतं: तळमजला, खोली तीन, काका.